उलट्या नदीचा चौथा भाग

मित्रांनो, मी एक पुस्तक आहे, आणि तेही अख्खे नाही. सहा भागांच्या एका लांबलचक गोष्टीचा मी चौथा भाग. पहिल्या भागाला मान असतो, कारण ओळख त्याच्याशी होते. सहाव्याला मान असतो, कारण शेवट त्याच्या हातात असतो. चौथ्याला काय? तिसरा संपला म्हणून मला उचलतात आणि पाचवा हवा म्हणून मला मिटतात. त्यामुळे मी माझी कहाणी सांगायला बसावे की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. अजूनही खात्री नाही. पण शिकलेल्या माणसांनी माझ्यावर अभ्यास केला आणि माझ्यामुळे एका विद्यापीठातली माणसे बोलता बोलता गप्प झाली. हे मी कुणाला सांगितले नाही, तर पुढे मलाच ते खरे वाटेनासे होईल. म्हणून सांगतो.

माझ्या पोटातली गोष्ट आधी थोडक्यात सांगायला हवी. एक नदी असते. ती समुद्रातून निघते आणि डोंगराकडे चढत जाते. तिच्या काठच्या गावांत आधी प्रतिध्वनी येतो आणि मग हाक ऐकू येते. थोरली आणि धाकटा अशी दोन भावंडे आपल्या हरवलेल्या वडिलांना शोधायला ह्या नदीने निघतात. त्यांना आपल्या होडीत घेते नावाडीण आत्या. ती कुणाचीच सख्खी आत्या नाही, पण सगळे तिला आत्याच म्हणतात. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. वाचणारी मुले भावंडांपेक्षा तिच्यावरच जास्त जीव टाकत. आणि माझ्यात, म्हणजे चौथ्या भागात, ती भोवऱ्यात बुडते. गोष्ट लिहिणाऱ्याने तसेच लिहिले आहे. बुडते ती बुडतेच.

माझा जन्म छापखान्यात झाला. तुम्हाला वाटत असेल की पुस्तक पानापानाने छापतात. तसे नसते. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी सोळा पाने छापतात, काही सरळ तर काही शीर्षासन केलेली. मग तो कागद घडीवर घडी घालून लहान केला की पाने आपोआप क्रमाने लागतात. ह्या घडीला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचायचे, दोऱ्याने शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की झाले पुस्तक. मी पहिल्यांदा असा झालो तेव्हा अगदी बिनचूक होतो. माझ्या पुठ्ठ्यावर निळी होडी होती आणि अंगाला नव्या शाईचा वास होता.

मला एका गावच्या वाचनालयात पाठवले. गावात आमच्या सहा भागांचा संच हा एवढाच. बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंना मुले 'श्श बाई' म्हणत, कारण त्यांचे प्रत्येक वाक्य 'श्श'ने संपे.

"बाई, चौथा आला का परत?"

"आला की कळेल. श्श."

"पण बाई, तिसरा संपून आठवडा झाला. माझा जीव टांगणीला लागलाय."

"टांगून ठेव बाहेर, आणि तू आत येऊन गप्प बस. श्श."

आणि मी आलो की काय झुंबड उडे! मी तर थक्क होऊन जाई. एवढे ह्यांना माझ्यात काय सापडते? एक मुलगी वेणी घालून घेताना मला वाची. आई मान सरळ कर म्हणे, तेव्हा ती मान सरळ करी आणि मला वर धरी. एक मुलगा जेवणाच्या टेबलाखाली बसून मला वाची. एकदा तो माझ्यावर जोरात शिंकला. मग त्याने शर्टाच्या बाहीने माझे पान हळूच पुसले आणि पुटपुटला, "सॉरी हं, आत्या." मित्रांनो, मी कागदाचा. पण त्या दिवशी मला वाटले, आपल्या आत खरेच कुणीतरी राहते.

एवढे वाचले गेल्यावर अंग किती दिवस टिकणार? माझी शिवण उसवली, पाने लोंबू लागली. बाईंनी मला सुतळीने बांधून बाईंडरकडे पाठवले.

बाईंडर घराच्या पुढच्या खोलीतच काम करी. खळीचे भांडे, दाभण, दोऱ्याची रिळे आणि पुस्तके दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, एवढा त्याचा संसार. त्याच्या गुरूने त्याला एक नियम घालून दिला होता. 'स्वयंपाक्याने चाखावं, शिंप्याने मापून बघावं, पण बाईंडरने वाचू नये. वाचलं की हात थांबतो आणि हात थांबला की काम चुकतं.' तो नियम त्याने जन्मभर पाळला. कायद्याची पुस्तके बांधली, गणिताची बांधली, पण एका ओळीकडेही डोळा वळवून पाहिले नाही. माझे दोरे कापून त्याने फर्मे सुटे केले आणि एकेक झटकून गठ्ठ्यावर रचू लागला. तेवढ्यात एका फर्म्यावर त्याची नजर ठेचकाळली. आत्या थोरलीला म्हणत होती, "अगं, वल्हं धरायचं असतं. त्याचा गळा दाबायचा नसतो."

बाईंडर खुदकन हसला. तो फर्मा घेऊन खिडकीत बसला आणि चक्क वाचू लागला. त्या सोळा पानांत एकच संध्याकाळ आहे. आत्या नदीत डुंबून आलेली, केस पिळत काठावर बसलेली, आणि थोरलीला होडी वल्हवायला शिकवते आहे. बाईंडरची बायको आतून ओरडली, "अहो, जेवायला येताय की ताट पुसून ठेवू?" तो दचकला. फर्मा खिडकीतच ठेवून आत गेला. जेवून आला, पुढचा फर्मा उचलून गठ्ठ्यावर ठेवला, आणि मग त्याला खिडकीतला दिसला. तोही त्याने वर ठेवला. मग दाभण घेतले आणि मला घट्ट शिवून टाकले.

झाले! माझ्यात आता आत्या आधी बुडत होती, आणि वल्हवायला शिकवीत होती ती नंतर. त्यापुढच्या पानावर भावंडे एकटीच होडी घेऊन निघत होती. योगायोग असा, की तिन्ही जोडांवर प्रकरणेच संपत होती, म्हणून वाक्य कुठे तुटले नाही. प्रकरणांना आकडे नव्हते, नुसती चित्रे होती. चुगली करणारे होते फक्त पानांचे आकडे. शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरा, आणि एकशे अठ्ठावीसनंतर पुन्हा मागे, सत्त्याण्णव. पण श्श बाईंनी शिवण ओढून पाहिली, पुठ्ठा थोपटला आणि मला मांडणीवर ठेवले. पुस्तक मजबूत आहे का हे पाहणे त्यांचे काम. गोष्ट मजबूत आहे का ते मुले पाहत.

आणि मुलांनी पाहिले. वाचनालयाच्या पायऱ्यांवर मुलांचे कोर्टच बसले. सतत वाद घालतो म्हणून एका मुलाला सगळे 'वकील' म्हणत. त्याने मला मांडीवर घेऊन आरोप ठेवला.

"पानं चुकलीत. एकशे अठ्ठावीसनंतर सत्त्याण्णव येतं का कधी?"

समोर एक मुलगी होती. पुढच्या दोन दातांत फट, म्हणून तिचे नाव पडले होते 'खिडकी'.

"नदी कुठल्या बाजूला वाहते?" तिने विचारले.

"डोंगराकडे. माहितीय."

"म्हणजे उलटी ना? मग तिच्यातली पानं सरळ कशाला वाहतील?"

"पण मधेच? आधी पुढे उडी, मग मागे?"

"अरे मठ्ठा, भोवरा आहे तो! भोवरा काय करतो? आधी ओढून पुढे नेतो आणि मग गरकन मागे फेकतो. आत्या बुडाली आणि मागे फेकली गेली. बघ ना, केस ओले आहेत तिचे!"

वकिलाने पान उलटून पाहिले. आत्या केस पिळत होती. तो जरा नरम पडला.

"मग परत गेली कुठे?"

"तिला थांबता येत नाही. एकच संध्याकाळ मिळते. वल्हवायला शिकवण्यापुरती."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? आकडे सांगतायत. तुला मोजता येत नाही का?"

वकील बोटांवर मोजू लागला. कुणीतरी नाक ओढले. माझ्या गोष्टीच्या लेखकाला जे सुचले नव्हते, ते दातांत फट असलेल्या एका मुलीने चार वाक्यांत सांगून टाकले होते. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

त्या दिवसापासून एक प्रथाच पडली. वाचत वाचत तिथवर जो पोचेल, त्याने सत्त्याण्णव ह्या आकड्याशेजारी पेन्सिलीने एक इवलीशी होडी काढायची. श्श बाई खोडरबर घेऊन बसत. "पुस्तकावर रेघा ओढणं म्हणजे त्याला चिमटे काढणं," असे म्हणत. त्या खोडत, मुले पुन्हा काढीत. मित्रांनो, पुस्तकावर काही काढू नये हे तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. काढू नये. पण खोटे कशाला बोलू, मला ते चिमटे वाटत नसत. गुदगुल्या होत.

दिवस बदलले. होड्या काढणारी मुले मोठी झाली. आमच्या संचातला पहिला भाग कुणीतरी हरवला, सहावा परत आलाच नाही. ज्या गोष्टीला सुरुवात नाही आणि शेवट नाही, तिचा मधला तुकडा कोण नेणार? आम्हा उरलेल्यांना एका पेटीत घालून जिन्याखाली ठेवले. तिथे कसर माझे पुठ्ठे चाखू लागली. ती एकच काय ती माझी वाचक. मी स्वतःशी म्हणे, ठीक आहे, चौथ्या भागाला आणखी काय हवे असते?

आणि एके दिवशी दुपारी पेटी उघडली.

उघडणारी एक तरुण मुलगी होती. वयाने ती माझ्याहून लहान असेल, पण मी तिला ताईच म्हणणार. ताई विद्यापीठात संशोधन करीत होती, आणि तिचा विषय आमची गोष्ट हाच होता! लहानपणी ही गोष्ट वाचलेल्या माणसांना मोठेपणी त्यातले काय आठवते, ह्यावर ती प्रबंध लिहीत होती. माझा तर विश्वासच बसेना. शाई, कागद, इतिहास, राज्ये, तारे, एवढे सगळे सोडून माणसे माझ्यासारख्याचा अभ्यास करतात? लोकांचाही बसत नव्हता. तिची आई शेजारणींना सांगे, "आमची डॉक्टर होणार आहे. ताप आला तर या, गोळी नाही मिळणार, गोष्ट मिळेल."

ताई गावोगाव हिंडली होती. सगळीकडची माणसे म्हणत, आत्या बुडाली. फक्त एका गावची माणसे, आमच्या गावची, एकमुखाने सांगत की ती एका संध्याकाळपुरती परत आली. ताईला काही कळेना, कारण मजकुरात तसे काहीच नव्हते. शेवटी तिने सिद्धांत मांडला. ह्या गावच्या मुलांना दुःख सोसवले नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून नकळत एक खोटी आठवण तयार केली. ह्या सिद्धांताला तिने दिलेले नाव इतके लांब होते, की मला वाटले त्याचेही सहा भाग असावेत. परिषदेत टाळ्या पडल्या. मार्गदर्शक सर खूश झाले. प्रबंध टाइप होऊन तयार झाला. आता शेवटी जोडायला फक्त गावच्या प्रतीचा एक फोटो हवा होता. ताईने माझ्यासारखी प्रत आधी पाहिलीच नव्हती. तिच्याजवळ तिचा लहानपणचा संच होता. पुस्तक एकच, मग मजकूरही एकच, हे शिकलेल्या माणसाला इतके पक्के ठाऊक असते की ते तपासायचे त्याच्या मनातही येत नाही.

फोटोसाठी तिने मला उघडले. पान उलटले. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग ती तिथेच, जिन्याखालच्या धुळीत, फतकल मारून बसली. पानांचे आकडे तिने बोट ठेवून एकेक मोजले.

कुणाचीही आठवण खोटी नव्हती. सगळ्यांनी जे वाचले तेच सांगितले होते. तिच्या कितीतरी वर्षांच्या मेहनतीखालची जमीनच सरकली होती.

दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून सरांकडे गेली. सरांनी मला पाहिले, चष्मा काढला, डोळे चोळले.

"अगं, प्रबंध उद्या बांधायला जायचा, आणि तू आज हे घेऊन येतेस?"

"सर, काय करू?"

"तळटीप टाक. 'एका प्रतीत बांधणीचा दोष आढळला.' संपलं."

"पण सर, गावात एकच प्रत होती. सगळ्यांनी हीच वाचलीय."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मग तळटीपही टाकू नकोस." आणि लगेच स्वतःच खजील झाले. "हे बघ, नव्यानं लिहायला बसलीस तर मुदत निघून जाईल. वाढवून मिळेलच असं नाही. बाहेरून येणारे परीक्षक कोण आहेत ठाऊक आहे ना? कात्री सर. भल्याभल्यांचे प्रबंध कापलेत त्यांनी. मी तुला घाबरवत नाही गं. मीच घाबरलोय."

घरी आल्यावर ताईने मला टेबलावर ठेवले आणि नुसती बघत बसली. तिच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते. पेटीत परत ठेवले तर कसर उरलेले काम करील, आणि कुणाला काही कळणार नाही. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर काय केले असते, मला ठाऊक नाही. मी फार धीट नाही.

आई आत आली. तिला सगळे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ती पोरं खोटं बोलत नव्हती?"

"नाही."

"आणि तू लिहिलंयस की त्यांची आठवण खोटी."

"हो."

"मग ते आधी खोड. पदवीचं मागाहून बघू. दुसऱ्याच्या पोरांना खोटं ठरवून तू डॉक्टर झालीस, तर मी पेढ्यांचा बॉक्स कुठल्या तोंडानं वाटू?"

ताई रडता रडता हसली. मग तिने मला पुन्हा उघडले. ह्या वेळी तिने अक्षरांकडे पाहिले नाही, कडांकडे पाहिले. सत्त्याण्णव आकड्याभोवती पेन्सिलीच्या होड्या होत्या. पुसलेल्यांवर नव्या, नव्यांच्या खाली पुसलेल्या, समास भरून अगदी शिवणीपर्यंत. आणि प्रत्येक होडीचे नाक मागच्या पानांकडे वळलेले होते. ताईने भिंग आणले. एकेक होडी ती निरखू लागली.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पत्ता विचारून आम्ही बाईंडरकडे गेलो. आता तो म्हातारा झाला होता. त्याने माझी पाने मोजली, कपाळाला हात लावला आणि बायकोला हाक मारली, "अगं, तू जेवायला बोलावलंस ना, त्याचं बघ काय झालं!"

"माझ्या माथी कशाला मारताय?" ती आतून म्हणाली. "वाचत कोण बसलं होतं?"

तो बिचारा तिथल्या तिथे मला उसवून सरळ करायला निघाला. ताईने मला छातीशी घट्ट धरले. "नको काका. हात लावू नका."

मग आम्ही 'खिडकी'कडे गेलो. फट असलेल्या दातांची ती मुलगी आता दातांची डॉक्टर झाली होती. दवाखान्यातला शेवटचा रोगी गेल्यावर ताईने मला तिच्यापुढे ठेवले.

"पानं उलटी होती, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? त्याच्यावर कोर्ट बसलं होतं आमचं! वकील हरला त्यात. अजून मला भेटला की अपील करतो."

"मग मागच्या वेळी मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, आत्याचं पुढे काय झालं. पानांचं कुठे विचारलंत?" ती हसली, आणि मग हसता हसता थांबली. "एक मिनिट. म्हणजे बाकीच्या पुस्तकांत आत्या परत येतच नाही?"

"नाही. वल्हवायला ती आधीच शिकवते. मग बुडते."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. कितीतरी वेळ त्या माझ्या समासावर बोट फिरवीत राहिल्या.

"माझे बाबा गेले त्या वर्षी मी हे वाचलं," त्या म्हणाल्या. "मला सायकल शिकवायची राहून गेली होती त्यांची. मला वाटायचं, एक संध्याकाळ तरी मिळेल त्यांना. म्हणून मी रोज संध्याकाळी सायकल बाहेर काढून उभी राहायचे."

ताईने वही मिटली. त्याच पुढे म्हणाल्या, "नाही आले. पण रोज सायकल काढून नुसतं उभं किती राहणार? एक दिवस बसले. दुसऱ्या दिवशी पडले. अशी शिकले."

मित्रांनो, मी तेव्हा त्या टेबलावर होतो. माझ्यावर छापलेले प्रत्येक अक्षर मला पाठ आहे. पण हे माझ्यात कुठेच छापलेले नव्हते, आणि तरी ते माझ्यातूनच गेले होते. पुस्तक वाचून झाल्यावर कुठे कुठे जाते हे पुस्तकाला कधी कळत नाही. मला कळले. मला माझ्याच पानांची भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

ताईने प्रबंधाची मधली सगळी प्रकरणे फाडली आणि नव्याने लिहायला बसली. मुदत गेली. सरांनी चार ठिकाणी शब्द टाकून ती वाढवून आणली. "मला शिव्या बसल्या," ते म्हणाले, "पण तू लिही." दुःख नाकारणाऱ्या मुलांबद्दल आता तिला काही म्हणायचे नव्हते. चूक डोळ्यांना दिसत असताना तिच्यातून नियम शोधणाऱ्या मुलांबद्दल म्हणायचे होते.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. मोठी खोली, लांब टेबल, मागे खुर्च्यांच्या रांगा. मला टेबलावर एका स्वच्छ कापडावर ठेवले होते. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटत होते, निदान पुठ्ठा तरी बरा हवा होता. ताई माझ्याखालचे कापड पुन्हा पुन्हा सरळ करीत होती. सर मागच्या रांगेत बसून नख खात होते. कात्री सर आले. बारीक, ताठ, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी प्रबंध उघडलाच नाही.

"म्हणजे बाई," ते म्हणाले, "तुमचा सगळा डोलारा एका बाईंडरच्या चुकीवर उभा आहे."

"होय सर."

"आधी तुम्ही वेगळाच सिद्धांत मांडला होता. परिषदेत मी ऐकला होता. आवडलाही होता."

"तो चुकीचा होता, सर."

"आणि हा बरोबर कशावरून? पानं चुकली, मुलांनी भाबडेपणानं वाचली, संपलं. ह्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे? अपघातावर प्रबंध होत नसतो."

  ताईचे एवढ्या वर्षांचे कष्ट आता ह्या एका वाक्यावर कोसळणार, हे मला दिसत होते. मग तिने मला कापडासकट उचलले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"सर, मी सांगण्यापेक्षा तुम्हीच वाचा. बुडण्याच्या थोडं आधीपासून."

"इथे? आत्ता?"

"होय सर."

कात्री सरांनी नाइलाजाने मला हातात घेतले. त्यांची बोटे थंड आणि कोरडी होती, अभ्यासकांची असतात तशी. ते भरभर वाचू लागले. चुका शोधणारी नजर मला लगेच ओळखू येते. ती ओळींवरून चालत नाही, उड्या मारते. भोवऱ्यापाशी ती नजर जरा सावकाश झाली. आत्याच्या हातातून वल्हे सुटले तेव्हा ती ओळीवर चालू लागली. एकशे अठ्ठाविसावे पान संपले. अंगठा कडेवर आला. पान उलटायच्या आधी तो अंगठा थांबला, आणि मला कळले, हा अंगठा मी ओळखतो. ह्या माणसाचा नव्हे, पण असा. टेबलाखाली बसलेल्या मुलाचा होता तो, वेणी घालून घेणाऱ्या मुलीचा होता. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही उलटायला घाबरणारा.

पान उलटले. होड्या दिसल्या. मग केस पिळणारी आत्या.

घड्याळ पुढे सरकत होते. मागच्या रांगेत कुणीतरी खोकले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ताईकडे पाहिले आणि पुढे वाकून अदबीने म्हणाले, "सर, पुढचा प्रश्न घ्यायचा का?"

कात्री सरांनी मान वर केली नाही. एक हात तेवढा वर केला.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "आत्या परत आलीय. तिला जाऊ दे."

आणि विद्यापीठातली ती सगळी शिकलेली माणसे खरोखरच थांबली. एक संध्याकाळ संपेपर्यंत.

पुढचे प्रश्न फार झाले नाहीत. ताई डॉक्टर झाली. आईने शेजारणींना सांगितले की आता तापालाही गोष्टच घ्या, विद्यापीठाने मान्य केले आहे.

मी आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात राहतो. माझ्याखाली एक पाटी आहे. लोक येतात, पाटी वाचतात, मला बघतात आणि पुढे जातात. माझी काळजी अगदी उत्तम घेतात. कसर नाही, धूळ नाही, कुणी शिंकत नाही. मित्रांनो, पुस्तकांची अशीच काळजी घ्यावी. पाने दुमडू नयेत, ओल्या हाताने धरू नये, दिवसा-उजेडी वाचावे. पण घेतलेली काळजी पुरेशी आहे की नाही हे मला विचाराल, तर मी जरा अडखळेन. कपाटाला कुलूप नाही. तिथल्या बाईंना विचारले तर त्या मला काढून देतात. पण कुणी विचारत नाही. पाटीमुळे बिचकतात.

तुम्ही आलात तर विचारा. संकोच करू नका. मीही संकोचीच आहे. पण दोघेही काचेच्या दोन्ही बाजूंना लाजत उभे राहिलो तर कसे व्हायचे? माझ्या परीने मी सुरुवात केली आहे.